आकड्यांचे खण

जुन्या घराचे माप आपण खणांत सांगतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. कानडीत त्याला ‘अंकण’ म्हणतात, आणि वर्तमानपत्रातल्या सदरालाही अंकणच! सरकारी पाहणीची माहितीही अशीच खणाखणांत भरलेली असते.

आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी सुरतेतील स्थलांतर हा विषय घेतला. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कितीतरी मराठी कुटुंबे पोटासाठी सुरतेच्या कापडधंद्यात गेली. लिंबायत, उधना भागांत आजही मराठी कानावर पडते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) लोकांना आधीचे राहण्याचे ठिकाण विचारले होते. ती माहिती अभ्यासकांना मिळते. पण फाइल उघडली की दिसतात नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी. मध्ये ना स्वल्पविराम, ना रेघ. कोणत्या खणात काय आहे, हे सांगणारा आराखडा वेगळा असतो. ८० रकान्यांच्या छिद्रकार्डांच्या काळातली ही रीत अजून टिकून आहे.

‘आर’ या मोफत संगणकभाषेत अशा फाइलीसाठी ‘रीड डॉट एफडब्ल्यूएफ’ ही आज्ञा आहे. तिला प्रत्येक खणाची रुंदी क्रमाने सांगायची, की ती ओळ तिथे तिथे कापते. समजा, ओळीत ‘३२२७’ असे आहे: वय ३२, आधीचे राज्य २७, म्हणजे महाराष्ट्र. वयाची रुंदी २ ऐवजी १ दिली, तर वय होते ३ आणि राज्य २२, म्हणजे छत्तीसगड. धुळ्याहून आलेला माग कामगार छत्तीसगडचे तीन वर्षांचे पोर होऊन बसतो, आणि संगणक चकार शब्द काढत नाही!

आणखी दोन पथ्ये पाळावीत. जिल्ह्याचा संकेत ‘०५’ असेल तर तो अक्षर म्हणून वाचायला सांगावा, नाहीतर पुढचे शून्य गळते. दुसरे म्हणजे गुणक. नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने बोलतो, ते हा आकडा सांगतो. त्यात दशांशचिन्ह लिहिलेले नसते; आराखड्यातली टीप वाचून तिथे सांगितलेल्या संख्येने त्याला भागायचे असते. ते राहिले तर लोकसंख्या कितीतरी पट फुगते.

म्हणून मुलांना मी सांगतो, पहिल्या दहा ओळी आराखड्याशेजारी ठेवून डोळ्यांनी वाचा. मग एकूण बेरीज छापील अहवालाशी ताडून पाहा. हे झाल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

वाचकहो, एका रकान्याचे मोल आपल्या सीमाभागाला सांगायला नको. २०११च्या जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची होती. येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठी वेगळी जागा होती. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे आपण त्या खणांतूनच मोजले गेलो. सुरतेतले आपले भाऊबंदही तसेच मोजले जातात. त्यांच्यावर चार ओळी लिहिणाऱ्याने निदान खण तरी नीट मोजावेत.