फास एकाचा, जीभ दुसऱ्याची

गेल्या हिवाळ्यात मोहोळजवळच्या हमरस्त्यावरील एका खानावळीत मी भाकरीची वाट पाहत बसलो असता, शेजारच्या मेजावरील चार शहरी पाहुण्यांपैकी एकाने वाढप्या पोराला जवळ बोलावून हलक्या आवाजात विचारले, "रानातलं काही आहे का रे?" पोराने गल्ल्याकडे पाहिले, मालकाने मान हलवली, आणि पोरगा म्हणाला, "आज न्हाई साहेब. सांगून ठिवा, पारधी आणून देत्यात." हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

रानातल्या जिवाचे मांस खाणे ही हीन लोकांची खोड आहे, असे मानणाऱ्यांनी आपलेच जुने ग्रंथ उघडून पाहावेत. मृगांच्या मांसांत काळविटाचे, पक्ष्यांत लाव्याचे आणि बिळात राहणाऱ्या प्राण्यांत घोरपडीचे मांस सर्वांत हितकर, असा निर्वाळा चरकसंहितेने दिला आहे; आणि ज्या कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल आपल्या या मुलखावर होता, त्यांच्यातील तिसऱ्या सोमेश्वराने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तर शेतात व नदीकाठी वाढलेल्या काळ्या उंदरांची पाककृती सविस्तर सांगितलेली आहे. शेपटीला धरून तापल्या तेलात त्यांचे केस काढावेत, ऊन पाण्याने धुवावेत, मग आवळा आणि मीठ घालून शिजवावे, असा तो विधी आहे. जो पदार्थ राजाच्या अन्नभोगात सन्मानाने बसला, तोच बांधावर काटक्या पेटवून भाजणाऱ्या भुकेल्या माणसाला मात्र आपण शतकानुशतके नाक मुरडून गावकुसाबाहेर ठेवले, याची खंत मला वाटते.

मी स्वतः रानचे अन्न खाऊन वाढलो आहे. मृगाचा एखादा दमदार पाऊस होऊन ओढा वाहता झाला, की गॅसबत्ती घेऊन आम्ही मुले रात्री खेकडे धरावयास निघत असू. आई त्यांचे बारीक पाय पाट्यावर ठेचून, तो रस फडक्यातून पिळून काळ्या तिखटाच्या उकळत्या आमटीत सोडी, आणि पाहता पाहता तो रस साकळून सायीच्या गोळ्यासारखा वर तरंगू लागे. ती आमटी आणि ज्वारीची भाकरी यांपुढे मला आजही दुसरे पक्वान्न सुचत नाही. ओढ्याने दिले तर खायचे, न दिले तर पिठल्यावर भागवायचे, एवढीच त्या खाण्याची रीत होती. कोणी आगाऊ सांगून ठेवत नसे.

फासेपारध्याची शिकारही मुळात अशीच पोटापुरती होती. घोड्याच्या केसांचे फास मांडून, तितराच्या सादेला तंतोतंत साद घालून पाखरू जवळ आणणारा हा माणूस माळरानाचा पहिला जाणकार होय. परंतु राज्यकर्त्यांचा न्याय पाहा. 1809 ते 1829 या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने नगर भागात 961 माळढोक मारले, आणि त्याची नोंद शिकारी म्हणून राहिली. पारध्याला मात्र 1871 साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे हजेरीला उभी राहत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. संशय मात्र कचेऱ्यांच्या दप्तरांतून आणि गावाच्या मनातून रद्द झाला नाही.

दरम्यान माळच सरला. 1979 मध्ये माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या मूळ हद्दीत आपला मोहोळ तालुकाही होता. आज कुसळी गवताच्या जागी उजनीच्या पाण्यावरचा ऊस उभा आहे आणि माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. उरल्यासुरल्या तितर-ससे-घोरपडींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण हवेच, ते कठोर हवे, यात मला तिळमात्र शंका नाही. भूक हे शिकारीचे समर्थन मानण्याइतके रान आता शिल्लक नाही.

माझी तक्रार अंमलबजावणीविषयी आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत असून तिच्या शिकारीस तीन ते सात वर्षांची कैद आहे. मारलेला वन्य प्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणून परवानगीवाचून त्याचे मांस मिळवणारा, जवळ बाळगणारा इसमही गुन्हेगारच होय. परंतु छाप्याच्या बातम्यांतून आपण ज्यांना पाहतो ते बहुधा अनवाणी पायांचे असतात, पुढे वाघूर आणि दोन-चार मेलेली पाखरे मांडलेली असतात. ज्याच्या पैशासाठी ती पाखरे मेली, तो त्या छायाचित्रात नसतो. पाल ठोकून राहणारा माणूस आज स्वतःच्या चुलीसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या चैनीसाठी फास मांडतो, कारण त्याच्याजवळ जमीन नाही, अनेकांकडे जातीचा दाखलाही नाही, आणि त्याच्या विद्येला दुसरे गिऱ्हाईक कोणी दिलेले नाही. हीच विद्या वनखात्याने पगार देऊन माळढोक अभयारण्यातील नान्नजच्या माळावर राखणीला लावावी, पाखरांच्या गणतीला लावावी. तितराची साद ओळखणारा त्याच्याइतका तरबेज माणूस खात्याला दुसरीकडे मिळावयाचा नाही.

त्या दिवशी त्या चौघांनी मटणावर भागवले. हात धुऊन निघताना त्यांच्यातील एकजण गल्ल्यापाशी थांबला, आणि मालकाने पुढे केलेल्या लांबट वहीत त्याने आपले नाव व फोन नंबर लिहिला. "मिळालं की कळवा," एवढे बोलून तो गाडीत बसला. पुढच्या खेपेस या भागात पंचनामा होईल, तेव्हा पंचांनी वाघरीबरोबर ती वहीही जप्त करावी, असे माझे वनखात्याला कळकळीचे सांगणे आहे.