खेळाचे धनी व खेळगडी

"मुलगा खेळांत गुंग झाला आहे," अशी तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. आणि तिजवर वडील माणसांचा जो विचार चालतो, तो बहुतेक वेळाच्या अपव्ययापुरताच असतो. वेळाचा प्रश्न महत्त्वाचा नाहीं असें कोण म्हणेल? परंतु इंटरनेटवर चालणाऱ्या ह्या खेळांची दुसरी एक बाजू आहे, व तिजकडे पालकांचें लक्ष सहसा जात नाहीं. सोंगट्यांचा पट किंवा बुद्धिबळें एकदां विकत घेतलीं म्हणजे विकणाऱ्याशीं आपला संबंध संपतो. ह्या नव्या खेळांचें तसें नाहीं. ते सारखे बदलत असतात. त्यांच्यामागें पुष्कळ माणसें कामास लागलेलीं असतात. तीं नियम बदलतात, वस्तूंच्या किंमती ठरवितात, अपराध्यास खेळांतून काढून टाकतात, आणि ह्या सर्वांविषयीं खेळणाऱ्यांशीं लेखी बोलतात. खेळणारेही त्यांस उलट लिहितात. अशा रीतीनें धनी व खेळगडी ह्यांच्यामध्यें जो संवाद रात्रंदिवस चाललेला असतो, त्यांत आमचीं मुलें श्रोते असतात आणि पुष्कळदां वक्तेही असतात. शाळेंतील निबंधाच्या तासापेक्षां तेथें त्यांचें वाचन व लेखन अधिक होत असेल!

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. खेळाच्या धन्याची परीक्षा त्याच्या खेळाच्या झगझगाटावरून करूं नये. चूक झाल्यावर तो काय बोलतो, ह्यावरून करावी. आणि खेळगड्याची परीक्षा, राग आल्यावर तो काय लिहितो, ह्यावरून करावी. जगांत घडलेल्या चारपांच गोष्टी सांगितल्यास हें म्हणणें स्पष्ट होईल.

प्रथम वाईट उदाहरण घेऊं. २०१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या मोठ्या अमेरिकन कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा खेळ बाजारांत यावयाचा होता, व कांहीं लोकांस तो थोडे दिवस आधीं खेळावयास मिळाला होता. डार्थ व्हेडर हें त्या कथेंतील सर्वांत प्रसिद्ध पात्र. परंतु खेळाची पूर्ण किंमत मोजल्यावरही तें पात्र मिळावें, तर खेळांतील ६०,००० नाणीं सांठवावीं लागत. आणि हिशेबी खेळाडूंनीं मोजून पाहिलें, तों त्यास सुमारें ४० तास लागतील असें निघालें. दुसरीकडे खरे पैसे टाकून नशिबाच्या पेट्या विकत घेण्याची सोय करून ठेविलेली होतीच. एका खेळाडूनें जाहीर तक्रार केली. तिला कंपनीच्या वतीनें जें उत्तर आलें, त्याचा आशय असा होता, कीं खेळाडूंस अभिमान वाटावा व कांहीं साधल्याचें समाधान लाभावें, म्हणून ही योजना केलेली आहे. हें उत्तर वाचून साडेसहा लक्षांहून अधिक वेळां नापसंतीची खूण त्यावर नोंदविली गेली! त्या पात्राची किंमत एकदम १५,००० नाण्यांवर आणावी लागली, आणि खेळ सर्वांस खुला होण्याच्या सुमारास पैसे देऊन वस्तु घेण्याचा सर्व व्यवहार कंपनीनें तूर्त बंद केला.

लोक एवढे कां संतापले? किंमत जास्त होती हें खरें. परंतु जास्त किंमती आपण बाजारांत रोज पाहतों. संताप आला तो शब्दांचा. माप कमी देणारा वाणी जर म्हणूं लागला, कीं "तुम्हांस मिताहाराची संवय लागावी म्हणून मी असें करतों," तर गिऱ्हाईक कमी मापाहून त्या उपदेशानेंच अधिक चिडेल. परिश्रम, अभिमान, समाधान हे शब्द आम्ही शिक्षक वर्गांत योजतों ते मुलांच्या कल्याणाकरितां. ते दुकानदारीच्या अंगावर पांघरूण म्हणून घातले, म्हणजे त्या शब्दांचीच किंमत उतरते. कंपनीनें "आम्हांस ह्यांतून पैसा मिळवावयाचा आहे, किंमत अधिक वाटत असल्यास सांगा," एवढेंच सरळ लिहिलें असतें, तर लोक भांडले असते, परंतु त्यांनीं असा धिक्कार केला नसता, असें आम्हांस वाटतें.

आतां ह्याच्या उलट उदाहरण पाहूं. जपानांतील स्क्वेअर एनिक्स ह्या कंपनीचा 'फायनल फँटसी १४' हा खेळ २०१० च्या सप्टेंबरांत सुरू झाला, आणि तो साफ फसला. डिसेंबरांत कंपनीच्या अध्यक्षांनीं खेळाडूंची जाहीर क्षमा मागितली. खेळ सुधारेपर्यंत मासिक वर्गणी न घेण्याचें ठरलें. आणि कामाचीं सूत्रें नाओकी योशिदा ह्या गृहस्थांकडे आलीं. योशिदा ह्यांनीं 'निर्मात्याचें पत्र' ह्या मथळ्याखालीं खेळाडूंस वरचेवर पत्रें लिहिण्याचा प्रघात पाडला. काय बिघडलें आहे, काय दुरुस्त होईल, कशास वेळ लागेल, हें ते त्यांतून स्वतःच्या नांवानें सांगत. पुढें प्रत्यक्ष बोलूनही ते खेळाडूंच्या प्रश्नांस उत्तरें देऊं लागले. जुना खेळ २०१२ च्या नोव्हेंबरांत बंद करण्यांत आला, आणि मुळापासून नव्यानें बांधलेला खेळ २०१३ च्या ऑगस्टांत सुरू झाला.

परंतु ह्या माणसाची खरी कसोटी लागली ती २०२१ च्या डिसेंबरांत. खेळाचा नवा भाग निघतांच इतकी गर्दी उसळली, कीं लोकांस तासन्‌तास रांगेंत तिष्ठत बसावें लागे, आणि पुष्कळदां बिघाड होऊन ते रांगेंतूनच बाहेर फेंकले जात. योशिदा ह्यांनीं क्षमा मागितली, आणि बिघाडाच्या प्रत्येक प्रकारामागील कारण सामान्य माणसास कळेल अशा शब्दांत समजावून दिलें. जगभर चिपांचा तुटवडा असल्यामुळें नवीन सर्व्हर इच्छा असूनही लगेच मिळत नाहींत, हेंही सांगितलें. प्रथम ७ व मागाहून आणखी १४ दिवसांची वर्गणी खेळाडूंस माफ करण्यांत आली. इतकेंच नव्हे, तर त्या खेळाची विक्रीच कंपनीनें कांहीं आठवडे थांबविली. कां, तर ज्यांनीं आधीं पैसे दिले आहेत त्यांस आंत शिरतां येत नसतां नव्या लोकांकडून पैसे घेणें योग्य नव्हे. विद्यार्थिमित्रहो, क्षमायाचना कशी असावी ह्याचा हा उत्तम नमुना आहे. तींत चुकीचें कारण आहे, झालेल्या हानीची भरपाई आहे, आणि स्वतःचें नुकसान सोसण्याची तयारी आहे. ह्यांतील एकही गोष्ट नसेल, तर "क्षमस्व" हा शब्द पोकळ ठरतो.

कांहीं धनी वाईट बोलत नाहींत, पण चांगलेंही बोलत नाहींत. ते गप्प बसतात. इंग्लंडांतील हॅलो गेम्स ह्या लहानशा कंपनीनें २०१६ च्या ऑगस्टांत 'नो मॅन्स स्काय' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याविषयीं आधीं जीं वर्णनें झालीं होतीं, त्यांतील कित्येक गोष्टी खेळांत आढळल्या नाहींत. गदारोळ झाला, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत कंपनीनें जवळजवळ मौन पाळलें. पुढें मात्र तिनें एकामागून एक अशा अनेक सुधारणा विनामूल्य दिल्या, व आज त्या खेळास चांगला लौकिक आहे. कोणी म्हणेल, "कृति महत्त्वाची, बोलणें कशास हवें?" कृति श्रेष्ठ, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्याचे पैसे आधींच घेतले आहेत त्यास "काम चालू आहे, अमुक गोष्ट राहून गेली," एवढें सांगण्यानें कृतीस कोणता कमीपणा येतो? वचन देतांना तोंड उघडणारानें तें मोडल्यावरही तोंड उघडावें, हा साधा न्याय आहे.

आइसलंडांतील सीसीपी ह्या कंपनीनें ह्याही पुढचें पाऊल टाकलें. तिच्या 'ईव्ह ऑनलाइन' ह्या २००३ सालीं सुरू झालेल्या खेळांत २००८ पासून खेळाडू मतें देऊन आपले प्रतिनिधि निवडतात. हें प्रतिनिधिमंडळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांशीं विचारविनिमय करतें. अंतिम सत्ता कंपनीचीच असते. तथापि गाऱ्हाणें मांडावयास एक मान्य जागा असते. २०११ च्या उन्हाळ्यांत ह्या मंडळाचा उपयोग दिसून आला. खेळांतील पात्रानें एका डोळ्यास लावावयाचा एक शोभेचा चष्मा, आणि त्याची किंमत खऱ्या पैशांत ६० डॉलरांहून अधिक! त्यांतच कंपनीचे आंतले कागद बाहेर फुटले, आणि खेळाडू काय बोलतात ह्यास तिचे चालक फारशी किंमत देत नाहींत, असा लोकांचा ग्रह झाला. शेंकडों खेळाडूंनीं खेळांतील एका मोठ्या बाजारपेठेंत जमून तेथील पुतळ्यावर गोळीबाराचा वर्षाव करून निषेध नोंदविला. तेव्हां कंपनीनें प्रतिनिधिमंडळास तातडीनें रेक्याविक येथें बोलावून घेतलें, समोरासमोर चर्चा केली, आणि ऑक्टोबरांत मुख्याधिकारी हिल्मार पेटुर्सन ह्यांनीं खेळाडूंस उघडें पत्र लिहून आपली चूक कबूल केली. ज्या शाळांत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधि निवडण्याची चाल आहे, तेथील मुलांस ह्यांतील मर्म लगेच कळेल. प्रतिनिधि हा बिल्ला मिरविण्यासाठीं नसतो. दोन्ही पक्ष रागावलेले असतां ज्याच्या तोंडून दोघांसही एकमेकांचें म्हणणें ऐकतां येईल, असा तो मनुष्य असतो.

येथपर्यंत धन्यांस बोल लाविले. आतां खेळगड्यांकडे वळूं. वर सांगितलेल्या 'नो मॅन्स स्काय'ची प्रसिद्धि २०१६ च्या जूनहून ऑगस्टावर ढकलली गेली, तेव्हां तिच्या प्रमुखास जिवें मारण्याच्या धमक्या आल्या. कशाकरितां? खेळ दीड महिना उशिरा येणार म्हणून! दुसरी गोष्ट २०१० च्या जुलैमधली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाच्या ब्लिझर्ड कंपनीनें असें जाहीर केलें, कीं चर्चेंतील शिवीगाळ थांबावी म्हणून ह्यापुढें प्रत्येकास आपल्या खऱ्या नांवानेंच लिहावें लागेल. खेळाडूंचा, विशेषतः स्त्रियांचा, आक्षेप आला, कीं अशानें कोणीही आमच्या दारापर्यंत पोंहोंचेल. कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानें विश्वास वाटावा म्हणून स्वतःचें खरें नांव लिहिलें. तों थोड्याच वेळांत लोकांनीं त्याची खाजगी माहिती शोधून चव्हाट्यावर मांडली. तीन दिवसांतच कंपनीच्या अध्यक्षांनीं ती योजना मागें घेतली. हेतु चांगला होता. उपाय चुकीचा होता. आणि तो टाकून देण्यांत त्यांनीं मानापमान आडवा येऊं दिला नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे. पण त्या कर्मचाऱ्याच्या वांट्यास आलेला त्रास आमच्या मनांतून जात नाहीं. पडद्यापलीकडे उत्तर लिहिणारा मनुष्य बहुधा एक पगारी नोकर असतो. किंमती त्यानें ठरविलेल्या नसतात, वेळापत्रक त्यानें आंखलेलें नसतें. त्यासही घर असतें, मुलेंबाळें असतात. जिभेच्या संयमाविषयीं पवित्र शास्त्रांत जो उपदेश आहे, तो टंकणाऱ्या बोटांसही लागू आहे, हें विसरूं नये.

तर मग मुलांनीं तक्रार करूं नये काय? अवश्य करावी. अन्याय निमूटपणें गिळणें हा सद्गुण नव्हे. परंतु तक्रार कशी करावी ह्याचीही रीत आहे. काय घडलें, केव्हां घडलें, आपलें काय नुकसान झालें व आपणांस काय हवें, हें चार वाक्यांत लिहावें. ऐकीव गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगूं नये. शिवी आली, कीं मुद्दा मेला असें समजावें. आणि एक सावधगिरीची गोष्ट: "मी कंपनीचा माणूस आहें," असें सांगून कोणीं खात्याचा परवलीचा शब्द, घराचा पत्ता किंवा वडिलांच्या बँकेचे आंकडे विचारले, तर तें न देतां तत्काळ घरीं सांगावें. प्रामाणिक कंपनीचा कर्मचारी परवलीचा शब्द कधींही विचारीत नाहीं.

पालकांस एकच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी एखाद्या खेळासाठीं पैसे मागेल, तेव्हां नुसतें "हो" किंवा "नाहीं" म्हणूं नका. त्या कंपनीनें गेल्या वर्षभरांत खेळाडूंस जीं निवेदनें केलीं, त्यांतील दोनतीन मुलांसमवेत बसून वाचा. बिघाड झाला तेव्हां तो कबूल केला काय? किंमत उघड सांगितली आहे, कीं नाण्यांच्या व पेट्यांच्या भाषेंत लपविली आहे? दिलेलें वचन मोडलें असेल, तर त्याविषयीं पुढें एक अक्षर तरी लिहिलें आहे काय? अर्ध्या तासाच्या ह्या वाचनानें पैसे वांचतील किंवा योग्य ठिकाणीं खर्च होतील. आणि त्याहून मोठा लाभ हा, कीं गोड शब्द व खरा शब्द ह्यांतील भेद ओळखण्याची दृष्टि मुलांस घरींच मिळेल. ती दृष्टि पुढें जाहिरात वाचतांना, नोकरीचा करार करतांना आणि मत देतांना त्यांच्या उपयोगीं पडेल.

हे खेळ आतां परदेशांतच निर्माण होतात असेंही नाहीं. पुण्यांतील सुपरगेमिंग ह्या कंपनीचा 'इंडस' हा खेळ २०२४ सालीं बाहेर आला. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां अशा ठिकाणीं कामास लागेल, आणि एखाद्या सायंकाळीं हजारों रागावलेल्या माणसांस उत्तर लिहिण्याचें काम त्याच्या किंवा तिच्या हातीं येईल. त्या वेळीं चतुर शब्द सुचले नाहींत तरी चालेल. जें घडलें तें खरें लिहावें, जें करणें शक्य आहे तेवढेंच कबूल करावें, आणि खालीं आपलें उत्तरदायित्व मान्य करावें. ह्याची तयारी मोठेपणीं होत नसते. वर्गांत कांच फुटल्यावर "कोणीं फोडली?" ह्या प्रश्नास जें उत्तर दिलें जातें, तेथूनच ती सुरू होते.