मत्सर म्हणावे की ईर्ष्या?

घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक दुसऱ्यावर जळतो, असे आपण सहज बोलून जातो. हे ऐकताच आमचे काही समीक्षक मित्र ‘मानवीकरण’ असा शेरा मारून मोकळे होतात. एकाने तर आमचे वाक्य चेतनगुणोक्तीचे उदाहरण म्हणून वर्गात फळ्यावर लिहिले. कुत्रा मुळातच चेतन असतो, हे त्या विद्वानाच्या ध्यानी आले नसावे! आमचे म्हणणे निराळे आहे. कुत्र्याच्या ठायी माणसाची भावना कल्पिण्यात गैर काही नाही. गैर होते ते त्या भावनेसाठी शब्द निवडताना. आणि ती चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पळसदरीनंतर केळवली लागते. त्या बाजूस आमचे जुने कौलारू घर आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत गेल्या काही दशकांत मुंबईकरांची फार्महाऊसे उभी राहिली आणि त्यांच्यासोबत शनिवार-रविवारचे कुत्रेही आले. त्यांतली एक लॅब्रेडोर कुत्री एका पावसाळ्यात मागेच राहिली. धनी पुन्हा फिरकले नाहीत. आम्ही तिला घरी आणले. घरात काळू नावाचा गावठी कुत्रा होताच. वय नऊ-दहा वर्षांचे, उंबऱ्याशी आडवा पडून राखण करण्याचा त्याचा रिवाज.

ढगांच्या गडगडाटाला ती कुत्री भिई, म्हणून आम्ही तिला उंबऱ्याच्या आत, भिंतीच्या आडोशाला गोधडी घालून दिली. आठवड्याभरात काळू बदलला. तिच्या पाठीवर हात फिरवला की मध्ये घुसे, कोपराखालून डोके सारी, गुरगुरे. एकदा तिच्या कानाला दात लागले. ‘मत्सरी झाला आहे’ असा निवाडा देऊन आम्ही त्याला पडवीच्या खांबाला बांधले.

मत्सर हा षड्रिपूंपैकी सहावा. रिपू म्हटले की दमन आलेच. आमच्या हातात दोरी आली ती या शब्दातून. आमच्याच परंपरेने इतर शब्द किती काटेकोरपणे वेगळे करून ठेवले आहेत, याचे तेव्हा स्मरण झाले नाही. अमरकोश ईर्ष्या आणि असूया शेजारी शेजारी ठेवतो, पण एक मानत नाही: ईर्ष्या म्हणजे न साहणे, असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांवरही दोषाचा आरोप करणे. असूयेला निंदा लागते, निंदेला भाषा लागते. काळू तेथे सुटला. हेव्याला तुलना लागते. व्हिएन्नातील संशोधकांनी 2008 च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पंजा देणाऱ्या दोन कुत्र्यांपैकी एकालाच खाऊ मिळू लागला, तेव्हा दुसऱ्याने पंजा देणे आखडते घेतले. पण एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव, या भेदाची त्यांना पर्वा नव्हती. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यापेक्षा आपल्यापुढे ताट आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. याला हेवा म्हणणे कठीण.

उरली ईर्ष्या. डार्विनने 1871 मध्येच लिहून ठेवले आहे की, धन्याची माया दुसऱ्या प्राण्याकडे वळलेली कुत्र्याला खपत नाही. 2014 मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठातील हॅरिस आणि प्रूव्हो यांनी 36 कुत्र्यांपुढे त्यांच्या मालकांना भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावले. 78 टक्के कुत्र्यांनी मालकाला ढुसण्या दिल्या. तेच लाड एका बादलीचे केले तेव्हा 42 टक्क्यांनी, आणि मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा 22 टक्क्यांनी. (पुस्तकाला प्रतिस्पर्धी समजणारे हे 22 टक्के आम्हांला विशेष जवळचे वाटतात.) खेळण्याला कुत्रे खरे मानत होते काय, अशी शंका पुढे घेतली गेली; ती रास्त आहे. तरीही दिशा स्पष्ट दिसते.

आता आपले शृंगारविवेचन आठवा. विप्रलंभात ईर्ष्यामान येतो. नायिका रुसते, ती प्रेमाचा अधिकार जाणते म्हणून. तेथे कोणी शिक्षेची भाषा करीत नाही. मान घालवण्याचे उपाय सांगितले आहेत: गोड बोलणे, काही देणे, पायाशी नमणे. एकच वर्तन, पण मत्सर म्हटले तर दोरी येते आणि मान म्हटले तर समजूत येते. विद्यार्थ्यांना पर्यायी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांना हा फरक एका कुत्र्याने दाखवावा, ही नामुष्कीच.

तिसऱ्या रात्री काळूने दोरी कुरतडली. दोन दिवस शोधल्यावर तो कातकरीवाडीत सापडला, एका म्हातारीच्या झोपडीच्या दाराशी आडवा पडलेला. आम्ही तिला त्याच्या मत्सराची हकिगत सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि विचारले, “तो निजायचा कुठं? आणि आता तिथं कोण हाय?”

आमच्या ध्यानात तोवर आलेच नव्हते. आत गोधडीवर निजणाऱ्या कुत्रीला बाहेर जाता-येता त्रास होऊ नये, म्हणून काळूला उंबऱ्यावरून हाकलण्याची सवय आम्हांलाच लागली होती. त्याने आमच्या मायेची वाटणी न साहिली असेल, नसेल. त्याचे कामच आम्ही काढून घेतले होते. मग ईर्ष्या हा शब्द तरी पुरता लागू पडतो काय? प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना राखायला उंबरा नव्हता, एवढे मात्र आम्ही नोंदवून ठेवतो.

गोधडी आम्ही मागल्या खोलीत हलवली. काळू आमच्यासोबत परत आला नाही. चौथ्या दिवशी पहाटे आपणहून आला आणि उंबऱ्याशी पडला. कुत्री त्याला ओलांडून जाते तेव्हा तो मान उचलत नाही. पाहुणे तिचे लाड करू लागले की अजूनही गुरगुरतो.