‘मुळे’ आणि ‘ने’
दमणगंगेकाठच्या अथालमध्ये कारखान्यात लागलेल्या आपल्या पोरांना रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायची वेळ आली की घोडं कारणापाशी अडतं. ‘वडिलांच्या आजारपणामुळे’ यात ‘च्या’ आणि ‘मुळे’ नामांना मागून चिकटतात. इंग्रजीत ‘बिकॉज ऑफ’ आधी येतं, मग ‘माय फादर्स इलनेस’. ‘ऑफ’नंतर नामच हवं, हे नीट सांगितलं जात नाही, म्हणून ‘बिकॉज ऑफ माय फादर वॉज इल’ असं लिहिलं जातं. क्रियापद ठेवायचं तर ‘ऑफ’ गाळावा, एवढंच. खरी कसोटी आपल्या ‘ने’ची. थंडीने कुडकुडला, तहानेने मेला, भीतीने गप्प बसला. सगळं हा ‘ने’ एकटा पेलतो. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘विथ’, दुसऱ्याला ‘ऑफ’, तिसऱ्याला ‘आउट ऑफ’. हे घोकून येत नाही, वाक्यं कानावरून जावी लागतात. ‘ने’सारख्या विभक्तिप्रत्ययांचा विचार मराठीत जुनाच आहे; व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. विभक्तीची एवढी जुनी शिदोरी असताना इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर ठेवणं मला पटत नाही. फळ्यावर आधी ‘पुरामुळे पूल बंद’ लिहा, ‘मुळे’भोवती गोल काढा आणि इंग्रजी वाक्यात त्याची जागा पुराच्या आधी कशी येते ते मुलांनाच शोधू द्या.