स्वेच्छेने म्हणजे कुणाच्या इच्छेने?

आमच्या मंगळवारच्या बैठकीला येणाऱ्या बायका बहुधा मारहाण, पोटगी, घराबाहेर काढणं असले प्रश्न घेऊन येतात. एका मंगळवारी एक जण आली ती गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं नोकरी, टेस्टिंगचं काम, मुलगी दीड वर्षाची. त्या दुपारी एचआरच्या बाईंनी तिला आत बोलावून दोन कागद पुढे ठेवले होते. एक ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’चा, ज्याला तिथे सगळे पीआयपी म्हणतात: साठ दिवसांत काम सुधारून दाखवा, नाहीतर नोकरी जाईल. दुसरा राजीनाम्याचा. त्यावर सही केली तर तीन महिन्यांचा पगार हातात. ‘‘निर्णय पूर्णपणे तुमचा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘उद्या अकरापर्यंत कळवा.’’

ती आम्हाला विचारत होती, काय करू? खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाच चटकन उत्तर देता आलं नाही. चळवळीतल्या बाईच्या तोंडी ‘लढ’ हा शब्द आधी येतो. पण घराचा हप्ता, पाळणाघराची फी आणि सासूबाईंचं औषधपाणी जिच्या पगारावर चालतं, तिला नुसतं ‘लढ’ म्हणून आपण घरी जायचं, हे मला त्या दिवशी जमलं नाही. मग आम्ही ते दोन्ही कागद ओळ न् ओळ वाचायला बसलो.

पीआयपीच्या कागदावर चार अपेक्षा होत्या. कामाबद्दल अधिक आपलेपणा दाखवावा, ही पहिली. टीमशी संवाद प्रभावी करावा, ही दुसरी. आता आपलेपणा मोजायचा कशाने? टेस्टिंगमध्ये किती चुका पकडल्या, किती निसटल्या, हे मोजता येतं. नेमकं तेच कागदावर नव्हतं. तिसरी अपेक्षा, रात्री साडेआठच्या अमेरिकेबरोबरच्या मीटिंगला रोज ऑफिसातून हजर राहण्याची. पाळणाघर सातला बंद होतं, हे मॅनेजरला ठाऊक होतं. चौथी आता मला आठवतही नाही. आणि सुधारणा झाली की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याने रेटिंग खाली आणलं तोच मॅनेजर. काढायचं आधी ठरतं आणि मग त्याची फाइल तयार करायची असते, तेव्हा कागद असा दिसतो. सगळेच पीआयपी असे नसतात. अपेक्षा आकड्यांत असतील, शिकवायला कुणी नेमलं असेल, दर आठवड्याच्या भेटीची लेखी नोंद होणार असेल, तर टिकण्याची आशा धरावी. इथे तसं काहीच नव्हतं.

बाळंतपणाच्या रजेआधी तिचं रेटिंग सलग चांगलं होतं. परतल्यावर प्रोजेक्ट बदललं आणि वर्षाचं मूल्यमापन झालं ते निम्म्या वर्षाच्या कामावर. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ती आपण लढून मिळवलेली गोष्ट आहे. रजेवर असताना बाईला काढता येत नाही. पण परतल्यावर तिला हळूहळू बाजूला सारणं ‘कामगिरी’ या शब्दाखाली सहज खपून जातं. हे काही आजचं नाही. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं अनेक होती, पण बाई महाग पडते हा मालकांचा हिशेबही त्यात होताच.

आता दुसरा कागद. त्यात ‘मी वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असं वाक्य होतं. सगळी मेख या वाक्यात आहे. कंपनीने कामगाराला कमी केलं तर कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नऊ वर्षांचे होतात १३५ दिवस, म्हणजे साडेचार महिने, वर नोटिशीचा एक. (यात पगार कशाला म्हणायचं हे कायद्याने ठरवलेलं असतं, हातात येणारा सगळा आकडा धरला जाईलच असं नाही.) आणि कंपनी उदारपणे देत होती तीन! राजीनामा ‘स्वेच्छेने’ दिला की हा हक्कच उरत नाही. शिवाय एचआरने जी मोठी एकूण रक्कम दाखवली होती, तिच्यात ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसेही मिसळलेले होते. ते तिचेच होते, सही केली नसती तरी मिळालेच असते.

‘‘पण मी कामगार थोडीच आहे, माझा हुद्दा सीनियर लीडचा,’’ ती म्हणाली. हे आमच्या सुशिक्षित मैत्रिणींचं नेहमीचं. हुद्द्याच्या नावाने ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. तांत्रिक आणि कारकुनी काम करणारा कामगारच. व्यवस्थापकीय काम करणारा नव्हे. तिच्या हाताखाली कुणी नव्हतं, कुणाची रजासुद्धा ती मंजूर करत नव्हती. काढून टाकल्याची तक्रार समेट अधिकाऱ्याकडे नेता येते, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येतं, मात्र दोन वर्षांच्या आत. वाट लांबची आहे, हेही आम्ही तिला सांगितलं.

तिने अकरा वाजता सही केली नाही. ईमेलने दहा दिवसांची मुदत मागितली, मागच्या वर्षांची रेटिंग्ज लेखी मागितली आणि कपातीच्या हिशेबाने रक्कम किती होते असं साध्या शब्दांत विचारलं. साठ दिवस पीआयपीत काढले तर दोन महिन्यांचा पगार आणि आरोग्यविमा चालूच राहणार होता, म्हणजे तीन महिन्यांसाठी घाई तिला नव्हती, कंपनीला होती. तीन बैठकांनंतर रक्कम साडेपाच महिन्यांवर आली, वर्षअखेरपर्यंत विमा, आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द गेले. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ हे वाक्य मात्र राहिलं. तिची छळाची तक्रार नव्हती म्हणून आम्ही ते सोडलं. ज्यांची असेल त्यांनी हे वाक्य असलेल्या कागदावर सल्ल्याशिवाय सही करू नये. २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे जायला मुळात तीनच महिने असतात.

तिने पैसे घेतले. आमच्यातली एक कार्यकर्ती नाराज झाली, म्हणाली, शेवटी विकत घेतलंच ना तिला. मला हे पटत नाही. खटला चालवण्याची ताकद कुणापाशी किती, हे बाहेरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मला काळजी वेगळीच वाटते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कॅशियरबाईंनी ती घेतली. पैसे दिराच्या फ्लॅटमध्ये गेले. वीस वर्षं लोकांच्या नोटा मोजलेली बाई पुढे भाजीचे पैसेही मागून घेऊ लागली. म्हणून आम्ही या मैत्रिणीला पहिला प्रश्न विचारला तो खात्याचा. नवऱ्याचा बेत घराचं कर्ज फेडून टाकायचा होता. तिने रक्कम स्वतःच्या खात्यात ठेवली, आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढला आणि उरलेल्याचं नोकरी लागल्यावर बघू म्हणाली. घरात थोडी धुसफुस झाली, होऊ दे.

गेल्या मंगळवारी तिच्याच कंपनीतल्या आणखी दोघी आल्या. एकीचं मूल अकरा महिन्यांचं, दुसरीचं दोन वर्षांचं. दोघींच्या पीआयपीत आपलेपणाची तीच ओळ आहे, स्वल्पविरामासकट. आता तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही वाचतो आहोत. तुमच्या गटाकडे असे कागद आले असतील तर नावं खोडून आमच्याकडे पाठवा. आणि जिला उद्या अकरापर्यंतची मुदत मिळाली असेल, तिला आधी एवढंच सांगा की आज रात्री सही करू नकोस.