हवामानाचा तक्ता : चौकट एक, आकडे ज्या-त्या गावचे

परगावचा मनुष्य येवल्यास यावयाचा झाला म्हणजे त्याचे प्रश्न साधे असतात. संक्रांतीचे पतंग पाहावयास यावे, तर रात्री पांघरूण कितपत लागेल? लग्नासाठी पैठणी घ्यावयास मे महिन्यात निघावे, तर दुपारचे ऊन मुलाबाळांस सोसवेल काय? प्रवासमार्गदर्शिकेने या प्रश्नांची उत्तरे एका लहानशा तक्त्यात द्यावीत, ही अपेक्षा रास्त आहे. संगणकावरील ज्या प्रवासकोशांत कोणासही भर घालण्याची मुभा असते, त्यांत गावोगावच्या पानांवर असे तक्ते दिसतात. तो तक्ता कसा असावा, याविषयी आमचे मत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रत्येक गावासाठी नवा तक्ता आखणे हा व्यर्थ खटाटोप होय. कोणी पाऊस इंचांत देतो, कोणी मिलिमीटरांत; कोणी जानेवारीपासून आरंभ करितो, कोणी जूनपासून. मग दोन गावांची तुलना करावी तरी कशी? यावर कोशकारांनी काढलेला उपाय म्हणजे साचा. बारा महिन्यांची घरे, कमाल व किमान तापमानाच्या ओळी, पावसाची ओळ ही चौकट एकदाच आखावयाची. गावाच्या पानावर केवळ आकडे पुरवावयाचे. इंचांचे रूपांतर व वर्षाची बेरीज साच्यानेच करावी. हाताने लिहिलेली बेरीज महिन्यांच्या आकड्यांशी जुळेलच असे नाही. आमच्या गावच्या मुलांस हे निराळे समजावून सांगावयास नको. माग तोच राहतो. पदरावर मोर यावयाचा की पोपट, हे विणकर ठरवितो.

परंतु चौकट एक झाली म्हणून आकडेही उसने घ्यावेत, असे मात्र नव्हे. येवल्याचा आकडा हाती नसला म्हणजे नाशिकचा घालून मोकळे होण्याची जी सवय आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, घाटमाथ्यावरील इगतपुरीस, वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस पर्जन्यछायेत वसलेल्या येवल्यास तो पाचशेच्या आसपास. या दोहोंची सरासरी काढली, तर जो आकडा हाती येतो तो कोणत्याच गावाचा नसतो. सन २०२३ मध्ये शासनाने राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत येवला होता व इगतपुरी नव्हती. जिल्ह्याचा एकच आकडा पाहणाऱ्यास हे कोडे उलगडणार नाही. प्रवाशाची फार तर छत्री चुकेल. पण तोच आकडा पुढे कोणी विहिरींच्या वा पिकांच्या हिशेबात वापरला, तर चूक घरोघरी पोहोचेल.

म्हणून साच्यात रिकाम्या घरास मान असावा. शून्य म्हणजे मोजले व पाऊस आढळला नाही. रेघ म्हणजे मोजलेच नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रिकामे घर शून्य धरून बेरीज करणारा साचा बिनचूक दिसतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक. बारांपैकी एक घर जरी रिकामे असले, तरी वार्षिक बेरजेच्या जागी रेघच यावी.

आकड्यांखाली वर्षे देणेही अवश्य आहे. हवामानाची सरासरी साधारणपणे तीस वर्षांची धरितात. १९९१ ते २०२० हा अलीकडचा काळ त्यासाठी मान्य आहे. राज्यात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे सन २०१७ पासून महसूल मंडळांत उभी राहिली, ही मोठी सोय झाली. परंतु त्यांच्या थोड्या वर्षांच्या नोंदी तीस वर्षांच्या सरासरीशेजारी मुकाट्याने ठेवणे योग्य नव्हे. "पावसाचा दिवस" म्हणजे निदान २.५ मिलिमीटर पाऊस झालेला दिवस, हा खुलासाही तळटीपेत असावा. नाही तर चार थेंब पडलेला दिवसही लोक त्यांत मोजतील.

आता थोडे आपल्या घरच्या पंचांगाविषयी. आषाढ-श्रावण अशा घरांचा तक्ता का करू नये, असे पुष्कळांस वाटेल. अडचण अशी की चांद्रमास दरवर्षी सरकतात, मध्येच अधिक मास येतो. म्हणून यंदाचा श्रावण व गेल्या वर्षीचा श्रावण हे ऋतूच्या दृष्टीने एकच नव्हेत. त्यांची सरासरी काढणे व्यर्थ होय. पण आपला शेतकरी पाऊस मोजतो तो नक्षत्रांनी, आणि पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर आधारलेली असल्यामुळे तारखांशी बांधलेली असतात. मृग जूनच्या ७ वा ८ तारखेस लागतो. पुढे प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. तेव्हा मृगापासून हस्तापर्यंतची जादा ओळ साच्यात बसविणे अगदी शक्य आहे. मात्र त्यासाठी महिन्याची आयती बेरीज पुरत नाही, रोजची नोंद हवी. ती असली म्हणजे महिन्याने बेरीज करा की नक्षत्राने, साच्यास दोन्ही सारखेच. परदेशी प्रवाशास या ओळीचा उपयोग नसेल. पण मराठी कोशातील तक्ता मराठी वाचकासाठी असावा, हे म्हणणे गैर नव्हे. (पतंग उडविणारे वाऱ्याचीही ओळ मागतील. त्यांचे म्हणणे आम्हांस नाकारवत नाही.)

तक्ता फार भरगच्च झाला तर वाचणार कोण, हा आक्षेप खरा आहे. त्यास तोड इतकीच की तापमान व पाऊस एवढ्याच ओळी प्रथम दिसाव्यात व बाकीच्या मागितल्यावर उलगडाव्यात.

राहिला प्रश्न रोजच्या नोंदीचा. सरळ उभ्या कडांचे व सपाट तळाचे भांडे उघड्यावर, झाडा-भिंतींपासून दूर ठेवले, तर त्यात साचलेल्या पाण्याची खोली हाच पाऊस. तोंड लहान की मोठे, याने फरक पडत नाही. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता मोजावे व मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेस लिहावा. शाळेस हे सहज करता येईल. अडचण एकच, रविवारची. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी आपसांत पाळ्या लावाव्यात, असे आम्ही सुचवितो; आणि ज्या सकाळी कोणीच आले नाही, त्या तारखेपुढे रेघ ओढावी.