महागडा व्हीआर हेडसेट आणि धंद्याचा हिशेब

आमच्या व्यापारी घरांतील तरुण मुले अलीकडे एका नव्या धंद्याची भाषा करू लागली आहेत. राजारामपुरीत एखादा गाळा भाड्याने घ्यायचा, चार भारी कॉम्प्युटर मांडायचे, त्यांना व्हीआर हेडसेट जोडायचे आणि अर्ध्या तासाच्या दराने गिऱ्हाइकाला खेळू द्यायचे. वडीलधारी मंडळी आम्हाला विचारतात, यात पैसे घालावेत काय? आमचा धंदा कापडाचा. पण माल कोणताही असो, तो बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार आणि पाच वर्षांनी त्याची किंमत काय राहणार, हे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. म्हणून या मालाची आम्ही थोडी चौकशी केली.

हा हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा बंद चष्मा. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र असते आणि ते सेकंदाला नव्वद वेळा किंवा त्याहून अधिक बदलते. मान वळवली की चित्रही वळते. चित्र मागे पडले तर गिऱ्हाइकाला मळमळू लागते, म्हणून कॉम्प्युटरला ताकदीचे ग्राफिक कार्ड लागते. आमच्या उर्दू शाळेतील उस्ताद मृगजळाला ‘सराब’ म्हणत. हे तेच, फक्त पैसे मोजून पाहायचे!

या बाजाराचा इतिहास लहान आहे. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरला आणि एचटीसी वाइव्ह ७९९ डॉलरला बाजारात आला. २०१९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने इंडेक्स काढला, त्याच्या पूर्ण संचाची किंमत ९९९ डॉलर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये याच कंपनीचा ‘हाफ-लाइफ : अॅलिक्स’ हा गेम आला. पीसीवरच्या व्हीआरसाठी इतक्या खर्चाने बनवलेला गेम त्यानंतर क्वचितच दिसला, आणि महागडे यंत्र घेणाऱ्याची खरी अडचण हीच आहे. माग उत्तम आहे, पण सूत येत नाही.

सूत का येत नाही? त्याच २०२० साली फेसबुकने क्वेस्ट २ हा हेडसेट २९९ डॉलरला आणला. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याला तो वायरने किंवा वायफायने जोडताही येतो. गेम बनवणारे गर्दीकडे वळले. २०२१ मध्ये कंपनीने पीसीसाठीचा आपलाच रिफ्ट एस बंद केला. पण हा स्वस्त माल नफ्यात विकला जात होता असे समजू नये. हेडसेटचा धंदा मेटाच्या, म्हणजे जुन्या फेसबुकच्या, ज्या विभागात येतो त्याचा एकट्या २०२४ सालचा तोटा सतरा अब्ज डॉलरहून अधिक होता. शेजारचा दुकानदार पदरचे घालून माल विकू लागला तर बाकीच्यांचे काय होते, हे गांधीनगरच्या ठोक बाजारातील कोणीही सांगेल. आणि असा दुकानदार हात आखडता घेतो तेव्हा त्याच्यावर विसंबलेले कारागीरही उघडे पडतात. रिफ्टसाठी ‘लोन एको’ हा नावाजलेला गेम करणारा रेडी अॅट डॉन हा स्टुडिओ मेटाने २०२४ मध्ये बंद केला. त्याचाच ‘एको व्हीआर’ हा खेळ वर्षभर आधी, १ ऑगस्ट २०२३ रोजी, बंद झाला होता. मैदानालाच कुलूप लागले.

याहून वाईट गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या गिऱ्हाइकांची झाली. २०१७ मध्ये या कंपनीच्या ‘विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी’ योजनेखाली एसर, डेल, एचपी, लेनोव्हो, सॅमसंग अशा नामवंतांनी मधल्या भावाचे हेडसेट काढले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून तो प्रोग्रामच काढून टाकला. ज्यांनी जुनी विंडोज ठेवली त्यांचे हेडसेट चालले. ज्यांनी नवी घातली त्यांचे धडधाकट हेडसेट शोभेची वस्तू झाले. काच फुटली नव्हती, वायर तुटली नव्हती.

इचलकरंजीचा साधा यंत्रमाग घ्या. तो तीस-चाळीस वर्षे चालतो. धोटा गेला, फणी गेली तर जॉबर येऊन बसवून देतो. मालक बदलला तरी माग तोच, आणि शेवटी भंगारातही त्याला वजनाचा भाव आहे. माग बनवणाऱ्या कारखान्याला टाळे लागले म्हणून कोणाचा माग थांबल्याचे आम्ही ऐकले नाही. आमच्या कोल्हापुरात तर १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेराच घडवला होता. आजही उद्यमनगरातला मिस्त्री नमुना पाहून सुटा भाग करून देतो. पण दूर बसलेल्या कंपनीने बंद केलेला प्रोग्राम तो कोणत्या लेथवर कापणार? एक उदाहरण मात्र दिलासा देणारे आहे. २०२५ मध्ये एका जाणकार प्रोग्रामरने आपल्या फावल्या वेळात ‘ओअॅसिस’ नावाचा ड्रायव्हर लिहून फुकट दिला आणि एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर ते मेलेले हेडसेट पुन्हा चालू लागले. कारागिरी ती हीच. पण असा भला माणूस भेटेल या भरवशावर कोणी भांडवल घालत नाही.

मग उंची हेडसेट संपणार काय? आम्हाला तसे वाटत नाही. मरतो तो मधला माल. खाली स्वस्त रेडिमेड राहते आणि वर मापाचे कपडे शिवणारा शिंपी राहतो. अमेरिकेतील बिगस्क्रीन ही लहानशी कंपनी २०२३ पासून नेमके हेच करते आहे. गिऱ्हाइकाने फोनने आपला चेहरा स्कॅन करून पाठवायचा आणि कंपनी त्या चेहऱ्याच्या मापाची गादी बनवून हेडसेट पाठवते. त्यांच्या पहिल्या ‘बियाँड’चे वजन १२७ ग्रॅम, किंमत ९९९ डॉलर, आणि हातातले कंट्रोलर व भिंतीवरचे बेस स्टेशन वेगळे घ्यायचे. ते बेस स्टेशन व्हॉल्व्हच्या पद्धतीचे असते. तीच पद्धत वाइव्हला चालते आणि पिमॅक्सच्या कित्येक हेडसेटनाही चालते. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागतो, म्हणून हा माल टिकाव धरतो. व्हॉल्व्हने स्वतः नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम फ्रेम’ जाहीर केला. तो कॉम्प्युटरशी बिनतारी जोडला जातो आणि त्याला भिंतीवरचे बेस स्टेशन लागत नाही. आमच्या मते पीसीवरचा व्हीआर राहील, पण शौकिनांचा, थोड्या गिऱ्हाइकांचा आणि चढ्या भावाचा. दर गल्लीत दुकान निघेल असा तो माल नाही.

शौकिनाचा माल भाड्याने देण्यात अडचणी आहेत. मापाची गादी एकाच चेहऱ्याची असते, ती दुसऱ्याला कशी लावणार? उभे राहून खेळणाऱ्या एका गिऱ्हाइकाला निदान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा लागते. तेवढ्या जागेत सायबर कॅफेवाला दोन-तीन खुर्च्या टाकत असे. राजारामपुरीच्या भाड्यात हे गणित घालून पाहावे. भारी कॉम्प्युटर आणि हेडसेट मिळून एका जागेचा खर्च दीड-दोन लाखांपर्यंत सहज जातो. ज्यांना गेम झोन काढायचाच आहे त्यांनी कॉम्प्युटर न लागणारे स्वस्त हेडसेट दोनच घ्यावेत, घामासाठी धुता येणारी कव्हरे ठेवावीत आणि एक सुट्टीचा हंगाम पाहावा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा अग्निशमनाचा दाखला गाळा घेण्याआधी पाहावा, नंतर नव्हे.

आणखी एक बाब मुलांना ठाऊक नसते. स्टीमवरून घरच्या खात्यावर घेतलेला गेम स्वतःपुरता असतो. तो भाड्याने खेळवण्याची परवानगी त्यात येत नाही. धंद्यासाठी व्हॉल्व्हची कॅफेवाल्यांकरिता वेगळी योजना आहे आणि त्यातही प्रत्येक गेमच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात. हेडसेट विकणाऱ्याकडून आधी याचे उत्तर लेखी घ्यावे, आणि सुटे भाग कोठून मिळतील तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.